बॅट धरायची पद्धत पुस्तकाबाहेरची, कोचनं ती बदलली नाही. मग सांगलीच्या विजय हजारेंनी ब्रॅडमनच्या टीमसमोर एकाच मॅचमध्ये दोन शतकं ठोकली

कोल्हापुरातल्या मेरी वेदर मैदानावर सकाळी सातच्या सुमारास चक्कर मारा. नेट्स लागलेले असतात, पोरं पॅड बांधून रांगेत उभी असतात आणि कुठला ना कुठला कोच कुणाला तरी ओरडून सांगत असतो की हात जवळ घे, बॅट सरळ ठेव, डोकं हलवू नको. क्रिकेट शिकलेल्या प्रत्येकाने ही तीन वाक्यं ऐकलेली असतात. दोन्ही हात बॅटच्या दांड्यावर एकमेकांना चिकटून हवेत, बॅट मागच्या पायाच्या अंगठ्याजवळ टेकलेली हवी, म्हणजे ती मागे उचलून पुढे आणायला मोकळी वाट मिळते. हा बॅटिंगचा पहिला धडा.

आता समजा, त्या रांगेत एक मुलगा असा आला की ज्याच्या दोन हातांमध्ये दांड्यावर चांगलं अंतर आहे आणि ज्याची बॅट दोन पॅडच्या मध्ये अडकवल्यासारखी दिसते. दहापैकी नऊ कोच काय करतील? पहिल्याच दिवशी त्याचे हात धरून जवळ आणतील.

असा एक मुलगा कोल्हापूरपासून दीड तासाच्या अंतरावर, सांगलीत जन्माला आला होता. त्याला कोच भेटला तो थेट ऑस्ट्रेलियाचा, त्या काळात कसोटीत जगात सर्वाधिक विकेट्स नावावर असलेला. आणि त्या कोचने त्याचे हात जवळ आणले नाहीत.

हा मुलगा म्हणजे विजय सॅम्युअल हजारे. आज देशातल्या वनडे स्पर्धेला ज्यांचं नाव आहे, ते हजारे. विजय हजारे ट्रॉफी सगळ्यांना माहीत असते, पण विजय हजारे कोण होते हे विचारलं की बरेच जण गप्प बसतात. म्हणून ही त्यांची गोष्ट.

मास्तरांच्या घरातला पोरगा

११ मार्च १९१५ ला सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात विजय यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. घरात आठ भावंडं. मास्तरांच्या पगारात आठ पोरांचं घर चालवायचं म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

त्या काळी सांगली, मिरज, जत, कोल्हापूर ही सगळी वेगवेगळी संस्थानं. मुंबईतल्या पोरांना जिमखाने होते, टर्फच्या खेळपट्ट्या होत्या, गोऱ्यांच्या टीम बघायला मिळायच्या. दक्षिण महाराष्ट्रातल्या पोराला बघून शिकायला फारसं काही नव्हतं. बॅट हातात आली की जशी धरता येईल तशी धरायची आणि बॉल अडवायचा. हजारे सुरुवातीला ओळखले जायचे ते बॉलर म्हणून. मध्यमगती टाकायचे आणि पुढे आयुष्यभर टाकत राहिले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ५९५ विकेट्स आहेत. आज एवढ्या विकेट्स घेतलेल्या माणसाला आपण बॉलरच म्हटलं असतं. हजारेंच्या बाबतीत मात्र या विकेट्स लोकांच्या लक्षातही नाहीत, कारण बॅटिंग त्याहून मोठी निघाली.

पण त्या बॅटिंगला आधी कुणीतरी आसरा द्यायला हवा होता.

देवासचे महाराज, जे पुढे कोल्हापूरचे झाले

त्या काळात क्रिकेट खेळून पोट भरायचं तर एकच रस्ता होता, तो म्हणजे राजाश्रय. कुस्तीत जसं पैलवानाला संस्थानचा खुराक लागायचा तसंच क्रिकेटचं होतं. संस्थानिक खेळाडूला नोकरी द्यायचे, तो त्यांच्या टीममधून खेळायचा.

हजारेंना हा आश्रय मिळाला मध्य भारतातल्या देवास थोरली पाती या संस्थानात. तिथले महाराज विक्रमसिंहराव पवार. आता कोल्हापूरकरांनी कान टवकारायला हरकत नाही. हे विक्रमसिंहराव म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या मुलीचे, अक्कासाहेबांचे चिरंजीव, म्हणजे शाहू महाराजांचे नातू. पुढे १९४७ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी छत्रपती महाराज झाले. न्यू पॅलेसमधल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे तेच हे शहाजी महाराज.

तर या महाराजांच्या पदरी असतानाच हजारेंच्या आयुष्यात ते वळण आलं, ज्याच्यामुळे आज आपण त्यांच्याबद्दल बोलतोय.

ग्रिमेट नावाचा कोच

क्लॅरी ग्रिमेट हे नाव आज फारसं कुणाला माहीत नसतं. शेन वॉर्नच्या आधी ऑस्ट्रेलियाच्या लेगस्पिनची जी परंपरा होती, तिचा हा मोठा माणूस. ३७ कसोटींमध्ये २१६ विकेट्स. कसोटी क्रिकेटमध्ये २०० विकेट्सचा टप्पा सगळ्यात आधी गाठला तो ग्रिमेट यांनी. १९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात त्यांनी पाच कसोटींत ४४ विकेट्स घेतल्या. आणि एवढं करूनही १९३८ च्या इंग्लंड दौऱ्यातून त्यांना वगळलं गेलं.

त्याच सुमारास संस्थानिकांच्या बोलावण्यावरून ग्रिमेट भारतात आले. आज सांगली जिल्ह्यात असलेलं, तेव्हा डफळे घराण्याचं संस्थान असलेलं जत हे त्यांच्या इथल्या मुक्कामाशी जोडलेलं नाव. दुष्काळी जत तालुका आणि जगातला सगळ्यात यशस्वी लेगस्पिनर, ही जोडी डोळ्यांसमोर आणून बघा.

हजारे ग्रिमेट यांच्याकडे शिकायला लागले. ग्रिमेट यांच्यासमोर हजारेंचा स्टान्स आला तेव्हा त्यात पुस्तकाच्या हिशोबाने दोन मोठ्या चुका होत्या. पहिली, दांड्यावर दोन हातांमधलं अंतर. दुसरी, बॉलरची वाट बघताना दोन पॅडच्या मध्ये अडकलेली बॅट.

ग्रिमेट यांनी त्यांचा खेळ घासून घेतला. पण स्टान्स आणि ग्रिप बदलायला लावली नाही. जे नैसर्गिक आहे आणि चालतंय, ते तसंच राहू द्यायचं, असा तो सल्ला होता.

वाचायला साधी वाटणारी ही गोष्ट एवढी महत्त्वाची का, हे कळायला जरा बॅटिंगचं शास्त्र समजून घेऊ.

हात जवळ का घ्यायचे असतात?

कुऱ्हाडीने लाकूड फोडणारा माणूस आठवा. कुऱ्हाड उचलताना त्याचे हात लांब असतात, पण घाव घालताना वरचा हात दांड्यावरून सरकत खालच्या हाताजवळ येतो. हात जवळ आले की कुऱ्हाडीचं टोक जास्त वेगाने फिरतं. आता फावड्याने माती ओढणारा माणूस बघा. त्याचे हात शेवटपर्यंत लांबच असतात. त्याला वेग नको असतो, फावडं नेमकं कुठे पडतंय यावर ताबा हवा असतो.

बॅटचंही तसंच आहे. हात जवळ असले तर दोन्ही मनगटं एकत्र चालतात, बॅट घड्याळाच्या लंबकासारखी फिरते आणि फटक्यात ताकद येते. हात लांब असले तर ताबा वाढतो, पण फिरण्याचा वेग कमी होतो. शिवाय खालचा हात जास्त जोर लावायला लागतो आणि बॉल हवेत जायची भीती असते. म्हणून ड्राइव्ह मारणाऱ्याला हात जवळ घ्यायला सांगतात. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये तर दोन्ही हात चिकटलेलेच ठेवायला शिकवतात, कारण तिथे सगळा खेळ बॅट फिरवण्याच्या वेगावर असतो.

बॅट पॅडच्या मध्ये असण्याचा तोटा वेगळा. तिथून बॅट मागे न्यायची तर आधी ती पायांमधून बाहेर काढावी लागते. म्हणजे एक हालचाल वाढली. फास्ट बॉलरसमोर तेवढा उशीरही महागात पडू शकतो.

मग हजारेंचं कसं जमलं? याचं उत्तर हातात नाही, डोळ्यांत आणि पायांत आहे. बॅटिंगचं यश शेवटी एकाच क्षणावर ठरतं, बॅट आणि बॉल भेटतात त्या क्षणावर. त्या क्षणी डोकं स्थिर आहे का, पाय बॉलच्या रेषेत गेलाय का, बॅटचा चेहरा सरळ आहे का, हे तीन प्रश्न. त्याआधी बॅट कुठे टेकवली होती हा फक्त सुरुवातीचा मुद्दा. जो फलंदाज बॉल लवकर ओळखतो आणि उशिरा खेळतो, त्याला सुरुवातीची चूक भरून काढायला वेळ मिळतो. हजारे हे उशिरा, बॉल अंगाजवळ येऊ देऊन खेळणारे फलंदाज होते.

सॉफ्टबॉलमध्ये स्लो-पिच नावाचा एक प्रकार आहे, तिथे हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. बॉल हळू, हवेत कमान करून येतो. सोपा वाटतो. पण नवखा खेळाडू घाई करतो, बॉल पोचायच्या आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. तिथेही पहिला धडा थांबण्याचा असतो. बॉल दीडशेच्या वेगाने येवो नाहीतर टप्प्याटप्प्याने, ज्याला वाट बघता येते तोच नीट मारतो.

आणि हजारेंसारखा पुस्तकाबाहेरचा आणखी एक माणूस त्याच काळात होता. त्याची बॅट स्टान्समध्ये दोन पायांच्या मध्ये असायची आणि मागे उचलताना सरळ न जाता स्लिपच्या दिशेने जायची. लहानपणी बाउरल गावात घरामागच्या पाण्याच्या टाकीवर गोल्फचा बॉल आपटून तो स्टंपने मारत शिकलेला. त्याचं नाव डॉन ब्रॅडमन. ग्रिमेट ब्रॅडमनसोबत वर्षानुवर्षं खेळलेले. वेगळ्या पद्धतीने खेळणारा माणूस काय करू शकतो, हे त्यांनी जवळून बघितलं होतं.

मग धावांचा पाऊस

१९३९-४० च्या मोसमात रणजी ट्रॉफीत पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध बडोदा अशी मॅच झाली. महाराष्ट्राचे कॅप्टन होते प्रा. दि. ब. देवधर. हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी ट्रॉफीतलं ते पहिलं त्रिशतक. त्या मोसमात महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पुढच्याही मोसमात जिंकली.

त्यानंतर हजारे बडोद्याकडे गेले. तिथे गायकवाडांचा आश्रय होता. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी बडोद्यातच काढलं.

१९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेची फायनल झाली. त्या काळी धर्मावरून टीम पडायच्या. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांची टीम रेस्ट. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते रेस्टकडून. या स्पर्धेत आधीच्या मॅचला हजारेंनी २४८ करून स्पर्धेचा विक्रम केला होता. फायनलला हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० करून तो मोडला. हिंदूंच्या ५ बाद ५८१ धावा झाल्या. रेस्टची टीम पहिल्या डावात १३३ वर गुंडाळली गेली आणि फॉलोऑन मिळाला.

दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावा झाल्या. त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. त्यांचे धाकटे भाऊ विवेक हजारे यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्या ३०० मध्ये विवेक यांचा वाटा किती, तर २१. एका बाजूला भाऊ नुसता उभा राहिला आणि दुसऱ्या बाजूने दादा खेळत राहिला. मॅच हिंदूंनी डावाने जिंकली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते हजारे.

मार्च १९४७ मध्ये रणजीची फायनल बडोदा विरुद्ध होळकर. बडोद्याचे ३ बाद ९१ असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. गुल महंमद यांनी ३१९ केले, हजारेंनी २८८. भागीदारी झाली ५७७ धावांची. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली जगातली कुठल्याही विकेटसाठीची सगळ्यात मोठी भागीदारी. हा विक्रम ५९ वर्षं टिकला. २००६ मध्ये कोलंबोत कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी ६२४ करून तो मोडला.

पण यात एक दुखरी बाजू होती. महायुद्धामुळे १९३९ ते १९४६ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. हजारेंची चोविशी ते तिशी, म्हणजे खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं, अशी गेली. १९४६ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी पहिली कसोटी खेळली तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

ॲडलेड, जानेवारी १९४८

स्वतंत्र भारताची पहिली टीम ऑस्ट्रेलियाला गेली. समोर ब्रॅडमनची टीम, जी त्याच वर्षी पुढे इंग्लंडमध्ये एकही मॅच न हरता परत आली. बॉलिंगला रे लिंडवॉल आणि कीथ मिलर. आपल्याकडे मर्चंट नव्हते. फास्ट बॉलिंग खेळायचा फारसा सराव नव्हता.

चौथी कसोटी ॲडलेडला होती. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन २०१. त्यांना बोल्ड कुणी केलं, तर विजय हजारेंनी. पण त्याचा उपयोग होईल अशी अवस्था नव्हती. भारताचे ५ बाद १३३ झाले.

तेव्हा हजारेंच्या जोडीला एक २२ वर्षांचा पोरगा आला. दत्तू फडकर. जन्म कोल्हापूरचा.

इथे जरा थांबून नकाशा बघा. ॲडलेडच्या मैदानावर, जगातल्या सगळ्यात धोकादायक बॉलिंगसमोर, एका बाजूला सांगलीत जन्मलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला कोल्हापुरात जन्मलेला. दोघांनी मिळून १८८ धावा जोडल्या. हजारे ११६, फडकर १२३. भारताच्या ३८१ धावा झाल्या.

तरी फॉलोऑन चुकला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सुरुवातीलाच विनू मंकड आणि लाला अमरनाथ यांना उडवलं. स्कोअर होता २ बाद ०. त्या डावात भारताचे सहा जण शून्यावर आउट झाले. लिंडवॉलने ३८ धावांत ७ विकेट्स घेतल्या.

आणि त्याच डावात हजारेंनी १४५ केल्या. हेमू अधिकारींना सोबत घेऊन त्यांनी सातव्या विकेटसाठी १३२ धावांची भागीदारी केली. भारताची एकूण धावसंख्या होती २७७, म्हणजे निम्म्याहून जास्त धावा एकट्याच्या.

एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे हे पहिले भारतीय. मॅच आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो. पण ज्या ग्रिपला कुठल्याही नेटमध्ये चूक म्हटलं गेलं असतं, तीच ग्रिप लिंडवॉल आणि मिलरसमोर दोन डाव टिकली होती.

जतच्या त्या दिवसांत ग्रिमेट यांनी हजारेंचे हात जवळ आणायला लावले असते तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. पण एवढं नक्की की वयाच्या विशीत पोचलेल्या माणसाची ग्रिप बदलायची म्हणजे त्याला पुन्हा शून्यापासून चालायला शिकवण्यासारखं असतं. काही जण त्यातून सुधारतात. काहींचा जुना खेळही जातो आणि नवा येतही नाही.

सहा धावांनी हुकलेला इतिहास

१९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईला वेस्ट इंडीजविरुद्ध पाचवी कसोटी होती. भारताला जिंकायला ३६१ हवे होते. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. हजारेंनी १२२ केल्या, रुसी मोदींनी ८६. शेवटी फडकर झुंजत होते. वेळ संपली तेव्हा स्कोअर होता ८ बाद ३५५. सहा धावा कमी पडल्या.

त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, आणखी एका कोल्हापूरकराचा इतिहास असाच हुकला होता. भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर खेळत होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ पावलांवर होता. समोरच्या टीमने पुढे खेळायलाच नकार दिला आणि मॅच सोडून दिली. भाऊसाहेब कधीच अधिकृत कसोटी खेळले नाहीत. फडकर आणि निंबाळकर, दोघंही कोल्हापुरात जन्मले आणि दोघांचाही वाढदिवस १२ डिसेंबर.

पहिला विजय, आणि कॅप्टनशिपचं ओझं

१९५१-५२ मध्ये इंग्लंडची टीम भारतात आली आणि हजारे कॅप्टन झाले. दिल्लीत पहिल्याच कसोटीत नाबाद १६४. मुंबईत दुसऱ्या कसोटीत १५५. वाटलं आता हा माणूस थांबत नाही.

पण मालिका पुढे सरकली तशी बॅट शांत झाली. हजारे स्वभावाने अबोल, संकोची. ओरडून टीम चालवणं त्यांच्यात नव्हतं. कॅप्टनशिपचा त्यांच्या बॅटिंगवर भार पडला असं त्यांच्यासोबत खेळलेल्यांनाही वाटत आलं.

तरी भारतीय क्रिकेटमधली सगळ्यात मोठी पहिली गोष्ट त्यांच्याच नावावर आहे. १० फेब्रुवारी १९५२ ला मद्रासमध्ये भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. विनू मंकड यांनी मॅचमध्ये १२ विकेट्स घेतल्या, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं केली. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा २५ व्या कसोटीतला पहिला विजय. कॅप्टन विजय हजारे.

चार महिन्यांनी त्याच इंग्लंडने हिशोब चुकता केला. जून १९५२, हेडिंग्ले. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा फास्ट बॉलर पहिली कसोटी खेळत होता. दुसऱ्या डावात भारताचा स्कोअर ४ बाद ० झाला. हो, चार बाद शून्य. बोर्डावरचा तो आकडा आजही भारतीय क्रिकेटच्या वाईट दिवसांची आठवण म्हणून दाखवला जातो.

पण त्या फोटोच्या पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. पहिल्या डावात ८९ केलेले हजारे उभे राहिले. जोडीला पुन्हा दत्तू फडकर. ॲडलेडसारखीच पडझड, तीच जोडी. दोघांनी १०५ धावांची भागीदारी केली. हजारे ५६, फडकर ६४. टीम १६५ पर्यंत पोचली. मॅच गेली, पण शून्यावरून निदान अब्रू राखली.

हजारेंनी १४ कसोटींत कॅप्टनशिप केली. एक विजय, पाच पराभव, आठ ड्रॉ. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

आकडे आणि आठवण

३० कसोटी, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतकं. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा, सरासरी ५८.३८, साठ शतकं. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जसू पटेल यांच्यासोबत हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. १८ डिसेंबर २००४ ला वडोदऱ्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.

आज विजय हजारे ट्रॉफीत खेळणारी पोरं पन्नास ओव्हर्समध्ये द्विशतक मारतात. त्यांच्या प्रत्येक फटक्याचा व्हिडिओ निघतो, स्लो मोशनमध्ये मनगटाचा कोन मोजला जातो. हे वाईट नाही. चूक दिसली तर ती लवकर दुरुस्त होते. पण वेगळेपण आणि चूक यात फरक असतो आणि तो फरक स्क्रीनवर दिसत नाही. त्यासाठी पोरगा किती बॉल मधोमध खेळतोय हे रोज नेटमागे उभं राहून बघावं लागतं.

पोराच्या बॅटिंगमध्ये सुधारणा करायची म्हणजे काय, याचं हजारेंच्या गोष्टीतून निघणारं उत्तर साधं आहे. आधी निकाल बघायचा. बॅट बॉलला सरळ भेटतेय का, डोकं स्थिर आहे का, पाय योग्य जागी जातोय का. हे तिन्ही नीट असेल तर हातांमधलं अंतर ही त्याची सही आहे. यातलं एखादं बिघडत असेल आणि त्याचं कारण ग्रिप असेल, तर मग ग्रिपला हात घालायचा. सरसकट सगळ्यांचे हात जवळ आणणं सोपं असतं, कारण त्यात विचार करावा लागत नाही.

ग्रिमेट यांनी तो विचार केला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित सांगलीच्या मास्तरांच्या पोराला नेटमध्ये आणखी चार वर्षं ग्रिप शिकवत बसला असता. आणि ॲडलेडला ५ बाद १३३ असताना कोल्हापूरच्या दत्तू फडकरांच्या समोरच्या टोकाला कुणीतरी वेगळंच उभं असतं.